चिमण्याचा डबा

युद्धनौकांवरचे लोक आमच्या जहाजाला ‘वाण्याचं दुकान’ म्हणायचे. म्हणोत बापडे. तोफा त्यांच्याकडे, मानपान त्यांचा, आणि पोटात ढकलायचं ते मात्र आमच्याकडून. पीठ, बटाटे, इंधनाचं तेल, तोफगोळे, सगळं एकाच जहाजात कोंबून आम्ही भर समुद्रात त्यांची वाट बघत फिरायचो. एक फटका नीट बसला असता तर बटाट्यांसकट आमच्या चिंधड्या उडाल्या असत्या. पण दुकानदाराचं कौतुक कोण करतो?

मी त्या जहाजावरचा पाववाला. भट्टी अगदी खालच्या मजल्यावर, बाजूला इंजिनाची धडधड, वर मुख्य आचाऱ्याची बडबड. आचारी तसा दिलदार, पण भांडं खरकटं दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. चिकट परात ठेवलीस तर तीच तुझ्या डोक्यात घालीन, म्हणायचा, आणि एकदा खरंच घातली. तेव्हापासून माझा हात असा तयार झाला होता, की भांडं रिकामं झालं की ते गरम पाण्यात आणि सोड्यात बुडालंच पाहिजे. झोपेतसुद्धा घासलं असतं.

आम्ही ज्या तीन नौकांना सामान द्यायचो, त्यांतल्या एकीवर माझा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला चिमण्या म्हणत, आणि सहा फुटांचा गडी झाला तरी तेच नाव चिकटलं. नौका शेजारी आली की दोन्ही जहाजं एका वेगाने बरोबरीने चालायची, मधे दोर ताणला जायचा, त्यावरून सामानाच्या जाळ्या जायच्या आणि खालून तेलाची नळी. कठड्यापाशी उभा राहून तो ओरडायचा, “दाजी, आधी माझा डबा!”

हा डबा म्हणजे माझ्या बायकोचं दर खेपेचं व्रत. बिस्किटं भाजायची, साखरेच्या घट्ट पाकात घोळवायची आणि पत्र्याच्या गोल डब्यात भरायची. डबा तिच्या वडिलांचा, तेही खलाशीच होते. ते समुद्रावरून आले नाहीत, डबा तेवढा घरी राहिला होता. म्हणून तिची तंबी असायची, “डबा परत आला नाही तर तुम्हीही येऊ नका.” तेल भरून होईपर्यंत चिमण्या बिस्किटं स्वतःच्या पिशवीत ओतून घ्यायचा आणि डबा शेवटच्या जाळीतून परत पाठवायचा. तोही कसा? तळाला पाक थिजलेला, कडांना चुरा, झाकण निघता निघत नाही. एकदाही विसळला असेल तर शपथ. घरी डबा उघडला की बायको त्याच्या नावाने बोटं मोडायची, आणि घासता घासता हसायची. तो चिकट तळ हीच तिच्यासाठी खुशाली होती. शब्दाने विचारायचं काम नसे.

त्या खेपेला आम्ही ठरल्या जागी सकाळी पोचलो. तीन नौकांचे पाव भाजून तयार होते. दोन आल्या. तिसरी दिसेना. उशीर होतच असतो, म्हणून मी पुढचं पीठ मळायला घेतलं. थोड्या वेळाने आमचा दिवेवाला, म्हणजे दिव्याच्या उघडझापीने नौकांशी बोलणारा माणूस, भट्टीशी येऊन उभा राहिला. एरवी आला की आधी गरम पाव उचलायचा. त्या दिवशी त्याने हातच लावला नाही.

“तिसरीचे पाव या दोघींत वाटून टाक,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“पाणसुरुंग लागला. मधोमध मोडली. या दोघी तासन्‌तास शोधत होत्या. एकही माणूस मिळाला नाही.”

मी पिठातले हात तसेच ठेवून उभा राहिलो. पाव अजून गरम होते, आणि मला त्याचाच राग आला. मग मी ते पोत्यात भरले आणि वर पाठवले. दुसरं काय करणार होतो?

दुपारी कप्तानाने सगळ्यांना वर बोलावलं. “ही बातमी जाहीर होईपर्यंत बंदरात कोणी तोंड उघडायचं नाही. आईजवळ नाही, बायकोजवळ नाही. बाकीच्या नौका त्याच वाटेने जायच्या आहेत. शत्रूला कळलं तर त्याही जातील.” बोलताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. त्याला ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर भरलेला डबा माझ्या उशाशी होता. तो तसाच घरी नेला असता तर न बोलताच सगळं सांगून झालं असतं. हरवला म्हणायला जीभ वळेना, सासऱ्यांची तेवढीच आठवण. शेवटी मी मागच्या टोकाला गेलो आणि एकेक बिस्किट पाण्यात सोडलं. त्याचं होतं, त्याला दिलं. तेव्हा मी पोटभर रडलो. मग खाली आलो, भट्टी पेटवली, राहिलेली भांडी आवरली, आणि डबा पिशवीत टाकला.

घर म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत सासूबाई पाय शेकत बसलेल्या, बाहेर बायको चुलीपाशी. तिने माझी पिशवी ओढून घेतली.

“भेटला?”

“भेटला.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, ताईला सांगा, पाकात हात आखडता घेऊ नकोस.”

ती हसली. “खादाड मेला!” असं म्हणत तिने सवयीने झाकणाला जोर लावला. झाकण अलगद निघालं. आतला पत्रा लखलखत होता. तिने तळावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. मग डबा नाकाशी नेला. सोड्याचा वास तिला माझ्या कपड्यांमुळे चांगला ओळखीचा होता.

“हा तुम्ही घासलात,” ती हळू म्हणाली.

भांडी आवरताना सवयीने हाताने तोही घासून टाकला होता, माझं लक्षच नव्हतं. आतल्या खोलीकडे माझी नजर गेली, ती तिने बघितली. डबा पोटाशी धरून ती तशीच उभी राहिली.

सासूबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. “आला का माझ्या चिमण्याचा डबा? बघू.” त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, उलटासुलटा केला. “अगं बाई! घासून पाठवलाय! जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नाही कार्ट्याने. सुधारला म्हणायचा.”

मला वाटलं, आता बायको कोसळणार.

“हो आई,” बायको म्हणाली. “सुधारला.”

“मग पुढच्या खेपेला जरा जास्त कर हो. शहाण्यासारखं वागलंय पोर.”

“आत्ताच करते.”

तिने खरंच पातेलं चढवलं, साखर ओतली, आमच्याकडे पाठ करून ढवळत राहिली. पाक उकळायला लागला. तिचे खांदे हलायला लागले.

“काय गं, काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही. वाफ जातेय डोळ्यांत.”

“मग खिडकी उघड की,” सासूबाई म्हणाल्या.

मी उठलो आणि खिडकी उघडली.