अठ्ठेचाळीस चौकोनांचा चोर

प्रत्येक चित्रात संपूर्ण सत्य दडलेलं असतं. पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी शुद्ध हवी. हे महावाक्य ज्या सत्पुरुषाने आमच्या बॅनरच्या दुकानात उच्चारलं, त्याला त्या वेळी मॉनिटर चालू करायचं बटण सापडत नव्हतं.

तरी गर्दी हटेना. शेजारचा चष्मेवाला, वरच्या मजल्यावरचा वकील, समोरच्या लाँड्रीतले चौघे, सगळे टाचा उंचावून उभे. दहा वर्षांची डिझाइनं असलेली हार्डडिस्क दुकानातून नाहीशी झाली होती. गल्लीतल्या कॅमेऱ्यात शटरपाशी ओणवी एक काळपट आकृती तेवढी दिसत होती. तिचा चेहरा 'पिक्सेलबाबा' उघड करणार होते. अंगात पांढरा कोट, डोक्याला तुकतुकीत टक्कल, गळ्यात पेनड्राइव्हची माळ.

"हा साधा झूम नव्हे," बाबा म्हणाले. "हे अंतर्ज्ञानाचं रिझोल्यूशन! तुमचा पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो. माझा प्रत्येक श्वासाला होतो."

"म्हणजे फारच हळू होतो," आमची डिझायनर ताई पुटपुटली. मालकांनी डोळे वटारले.

गंमत बघा. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला दिवसातून वीसदा ऐकवलं जातं, "साहेब, मोबाइलवरून आलेला बारका फोटो आहे, बॅनरवर घेतला की फुटणार." मालक हे झोपेतही बरळतात, अशी मालकीणबाईंची तक्रार आहे. पण ते ज्ञान गिऱ्हाइकापुरतं. स्वतःची डिस्क गेली, तेव्हा त्यांनी ते गल्ल्याशेजारी ठेवलं आणि बाबांना फोन लावला.

पडद्यावर चौकोन वळवळले, विरघळले आणि चेहरा उमटला. रिंगामावशी! बॅनरच्या कडांना पितळी रिंगा ठोकणारी आमची मावशी.

"अरे देवा!" लाँड्रीवाले एका सुरात म्हणाले.

"मावशी, पाचच्या आत कबूल करा," मालक म्हणाले. "नाहीतर चौकीत जावं लागेल."

"अकरा वर्षं झाली मालक इथे. ती डिस्क चौकोनी असते की गोल, तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"पडदा कशाला खोटं बोलेल?" वकिलाने विचारलं.

साडेचार वाजले होते. मावशीने हातोडी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मालक दारापर्यंत जात आणि परत येत. कोणी बसत नव्हतं, कोणी निघतही नव्हतं.

"बाबा," ताई एकदम म्हणाली, "अजून एक अंधुक फोटो आहे. तेवढा उघडा की."

बाबांनी उघडला. चौकोन वळवळले. पुन्हा मावशी!

"दोनदा सिद्ध!" बाबा गरजले.

ताईने मूळ फोटो दाखवला. "ही आपल्या स्टुलाची गादी. आता हा बघा."

तिसऱ्या खेपेला पडद्यावर मालक आले. बाबा गंभीर झाले. "हा साथीदार. डोळ्यांतलं कपट पाहा."

"मूळ फोटो तुमचाच आहे बाबा. तुमच्या कार्डावरचा. मी फक्त बारीक केला."

लाँड्रीवाल्यांपैकी एक खुदकन हसला. मालक आपलं टक्कल चोळू लागले.

"काल 'आभामंडल तपासायला' यांनी आपल्या सहा जणांचे फोटो नेले," ताई म्हणाली. "यंत्राला तेवढेच सहा चेहरे ठाऊक. काहीही धूसर द्या, त्यातल्या त्यात जवळचा चेहरा ते वर चिकटवतं. गडद दिसलं की मावशी, चकाकलं की मालक."

"पण खरा चेहरा आत असेलच ना कुठेतरी?" वकील हटून बसला.

"नाही काका. कॅमेऱ्याने त्या चेहऱ्याला सहा आडवे, आठ उभे चौकोन दिले. एका चौकोनाला एकच रंग. डोळा, पापणी, भुवई मिळून एक ठिपका! बाकीचं टिपलंच गेलं नाही. जे टिपलंच नाही, ते बाहेर काढणार कुठून? मोठं केलं की चौकोन मोठे होतात, बस्स."

"इथे श्रद्धेचा सिग्नल कमी आहे," म्हणत बाबांनी माळ सावरली आणि काढता पाय घेतला. त्यांच्यामागून गर्दीही सरकू लागली, तेव्हा ताई दारात आडवी उभी राहिली.

"मावशी, झालं गेलं..." मालक चाचरले.

"चोर म्हणालात तेव्हा खणखणीत बोललात," ताई म्हणाली. " आता माफीही तशीच मागा. हे सगळे ऐकतायत तोवर."

मालकांनी मागितली. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने मागितली, कारण पहिली चष्मेवाल्याला ऐकू गेली नव्हती.

तेव्हा वाचकहो, पडद्यावर दिसलं म्हणून ते घडलं, असं धरून चालू नका. मूळ चित्रात किती होतं आणि मागून कोणी काय भरलं, एवढं आधी विचारा. हे विचारायला बाबा लागत नाही, संगणकाची पदवीही लागत नाही. आणि न विचारल्याची शिक्षा मात्र दर वेळी हातोडी धरणाऱ्यालाच होते.

कॅमेऱ्यातलं ते मूळ चित्र मी नंतर दोनदा पाहिलं. आकृती बाईची की पुरुषाची, एवढंही त्यातून सांगता येत नाही.