न लागणारा दिवा

जुन्या पेटीवरचा पिवळा दिवा गव्हाच्या दाण्याएवढा आहे. अधूनमधून, पापणी लवावी तितकाच वेळ, तो लागतो आणि विझतो. नवी पेटी कामाच्या टेबलावर तिच्या शेजारीच ठेवली होती. दोन्हींचे सेन्सर एकाच बनावटीचे, वायरी एकाच गुंडाळीतल्या, खोलीही एकच. नव्या पेटीवरचा दिवा मात्र एकदाही लागला नव्हता.

“बघ, कशी गुणी पोर आहे!” नवरा जाता-येता नवीला थोपटायचा. “तुझी म्हातारी आपली सारखी डोळे मारते.”

आम्ही वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी उबेच्या काचपेट्या बनवतो. पेटीतला सेन्सर बाळाचं तापमान सांगतो, पण कधीकधी तो खोटं बोलतो. बाळ हललं, वायर ओढली गेली, कधी तर काही कारण नसतानाही, क्षणभर भलताच आकडा सांगून मोकळा होतो. म्हणून हीटर लावण्याआधी प्रोग्रॅमने त्याला दोनदा विचारायचं. दोन्ही उत्तरं जुळली तर ऊब वाढवायची, नाही जुळली तर पिवळा दिवा लावायचा आणि पुन्हा सुरुवात करायची.

जुना प्रोग्रॅम मी असेंब्ली नावाच्या भाषेत लिहिला होता. त्या भाषेच्या खाली फक्त शून्य आणि एक. तिची एक ओळ म्हणजे चिपची एक हालचाल: हे उचल, ते तिथे ठेव, दोन्ही ताडून बघ. लिहायला वेळखाऊ, वाचायला त्याहून. त्याला हात लावायची दुसऱ्या कोणाची छाती होत नसे. लेक म्हणायची, “आई तळघरात राहते. जेवायला हाक मारली की वर येते.”

मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती आमच्याकडे आली आणि आल्या आल्या तिने सगळा प्रोग्रॅम वरच्या पातळीच्या भाषेत नव्याने लिहिला. सुंदर लिहिला. वाचताना वाटावं, कोणी शहाणं माणूस शांतपणे सूचना देतंय. ती वाक्यं चिपच्या भाषेत उतरवायचं काम कंपायलरचं. तोही एक प्रोग्रॅमच. नवरा हरखून गेला. “आता हे आपल्यामागेही कोणी वाचू शकेल,” म्हणाला. खरंच होतं ते.

पहिली नवी पेटी वापरून बघण्यासाठी हॉस्पिटलात गेली, तेव्हापासून मी टेबलावरच्या दुसरीचा तो दिवा बघत होते. बोलले नाही. आधी वाटलं, दिवाच गेला असेल. तपासला, चांगला होता. मग वाटलं, लेकीने सेन्सरची जोडणी सुधारली असेल. विचारलं असतं तर तिला वाटलं असतं, आईला तळघर सोडवत नाही. आणि तसं नाहीये, हे मलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

त्या दुपारी ती दोघं जेवायला गेल्यावर मी नव्या पेटीच्या चिपमधून प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि खालच्या भाषेत वाचायला बसले. सेन्सरला विचारणारी ओळ सापडली. पुन्हा विचारणारी सापडेना. उत्तरं ताडून बघणं नव्हतं. दिवा लावणंही नव्हतं.

लेक हात पुसत आत आली. “काय गं, चेहरा का असा?”

“दोनदा विचारायची जागा दाखव.”

“ही काय.” तिने तिचा प्रोग्रॅम उघडून बोट ठेवलं. “एक, आणि ही दुसरी. तूच शिकवलंयस, विसरेन कशी?”

“आता हे बघ.”

ती माझ्या खांद्यावरून वाचू लागली. खालची भाषा तिला येते, पण सवय नाही. ओठ हलत होते. मग थांबले.

“दुसरी कुठेय?”

“नाही.”

“असं कसं नाही? मी चाचण्या केल्यात, आई. मुद्दाम वायर हलवून. दिवा लागला होता!”

“कुठल्या प्रतीवर?”

चाचणी करताना आम्ही कंपायलरला सांगतो, लिहिलंय तसंच उतरव. पेटीतल्या चिपमध्ये जागा कमी, म्हणून तिच्यात जाणारी प्रत मात्र आटोपशीर करायला सांगतो. त्याने बघितलं, एकच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारलाय, मध्ये काहीच घडत नाही. मग उत्तर बदलेल कशाला? त्याने दुसरा प्रश्न गाळला, आणि त्याच्याबरोबर दिवाही. हे उत्तर बाहेरून, आपोआप बदलू शकतं, असं बजावणारा एक शब्द त्या भाषेत आहे. तो लिहायचा राहिला होता.

नवरा दारातच ऐकत उभा होता. “एक शब्द ना? घाल मग. उद्या मी स्वतः हॉस्पिटलात जाऊन नवी प्रत टाकून येतो. आत्ताच कळवून बोंब कशाला करायची? एकदा विश्वास उडाला की ते आपल्याला दारात उभं करणार नाहीत.”

“आणि उद्यापर्यंत?”

“फार तापली तर फ्यूज आहे की.”

“फ्यूज पेटी जळू नये म्हणून आहे. बाळ त्याच्या कितीतरी आधी तापेल.”

“अगं, सेन्सर काय उठता-बसता खोटं बोलतो?”

शेजारी जुन्या पेटीवरचा दिवा लागला, विझला. तिघांनीही बघितला.

लेक स्टुलावर बसली. “मोठ्या कंपनीतून आली आणि दिवे लावले, म्हणतील,” ती हसली, आणि हसता हसताच तिने तोंड फिरवलं.

मी नवऱ्याला पुन्हा विचारलं, मघापेक्षा हळू. “आत्ता त्या पेटीत कोण आहे, माहितीये तुला?”

“रिकामीच असेल ना. परवा तर होती.”

“नाही बाबा,” लेक म्हणाली. “सकाळी सिस्टरने फोटो पाठवलाय. पहिलं बाळ ठेवलंय. मुलगी आहे. तुम्हाला दोघांना एकत्र दाखवायचा म्हणून थांबले होते.”

तिने फोन पुढे धरला. टोपीखाली मूठभर चेहरा, गालावरून गेलेली सेन्सरची वायर. कोपऱ्यात पिवळा दिवा, विझलेला.

नवऱ्याने फोटो बघितला. मग टेबलावरचा फोन उचलून माझ्यापुढे ठेवला आणि खुर्ची ओढून दिली.

पलीकडे घंटा बराच वेळ वाजत राहिली. लेकीने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“हॅलो, बाळांचा वॉर्ड.”

“सिस्टर, मी पेट्यांच्या कारखान्यातून बोलतेय. आमच्या नव्या पेटीत चूक आहे. बाळाला दुसऱ्या पेटीत हलवा. आत्ता. मी फोन धरून थांबते. आणि ती नवी बंद करा.”