सुपभर कोंडा

केसरचा मुलगा जन्मल्यावर पाचव्या दिवशी विकला गेला. किंमत सुपभर कोंडा. विकणारी त्याची आजी मनुबाई, घेणारी शेजारची ठमी, आणि व्यवहार झाला घराच्या उंबरठ्यावर. साल एकोणीसशे एकतीस, महिना भाद्रपद.

केसरला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने हो म्हटलं असतं. तिची आधीची दोन मुलं गेली होती. पहिला मुलगा बारशाआधीच. दुसरी मुलगी गोदू अकरा महिन्यांची झाली होती, कुडाला धरून उभी राहायला लागली होती, तेव्हा गावात देवी आल्या आणि ती गेली. जिची मुलं जगत नाहीत तिने मूल लेकुरवाळीच्या ओटीत टाकावं, म्हणजे ते त्या बाईच्या नशिबावर जगतं, असं रेवदंड्याच्या खाडीकाठच्या त्या गावात मानत. ठमीला पाच मुलं होती, पाचही जगलेली. तिने उंबरठ्याबाहेर उभं राहून मूल घेतलं, कोंड्याचं सूप मनुबाईपुढे ठेवलं, पोराला कोंडाजी नाव दिलं आणि दूध पाजायला म्हणून केसरच्या मांडीवर परत आणून ठेवलं. जावळ काढीपर्यंत मूल ठमीचं. त्या दिवशी कोंडा परत करायचा आणि मूल सोडवून घ्यायचं.

इतर घरांत ही रीत नावापुरती असे. ठमी कुठलीच गोष्ट नावापुरती करत नसे. तिचा नवरा हिरामण होडीवर गेला की ती पदर खोचून केसरच्या मागच्या दारी हजर होई. न्हाणीच्या दगडावर बसून पाय लांब करी, पोराला पायांवर पालथं घेई, तेल रगडी, कढत पाणी घाली, शेगडीवर ओवा-वेखंड टाकून धुरी देई. पोराने काय प्यायचं, कधी बाहेर न्यायचं, कोणाच्या हातात द्यायचं, सगळं तीच ठरवी. केसर पुढे झाली की म्हणे, तू बस, तुझा हात थरथरतो, पोर घसरेल.

हात थरथरायचा हे खरं होतं. त्याचं कारण केसरने कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पौषात देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, गावात आला होता. त्याच्या आदल्या वर्षी ठमीच्या धाकट्या कोकिळेचा दंड टोचल्यावर चिघळला होता. हात सुजून भोपळ्यासारखा झालेला केसरने पाहिला होता. म्हणून देवीवाला दारात आला तेव्हा तिने गोदू माहेरी गेली आहे असं सांगितलं. नवरा दादू मिठागरावर होता, सासू मनुबाई बाजाराला. गोदू घरातच होती, धान्याच्या रिकाम्या कणगीत, गोधडीवर, हातात गुळाचा खडा घेऊन. तीन महिन्यांनी देवी आल्या. मग दृष्ट लागली म्हणून गावाने हळहळ केली, मनुबाईने उतारे टाकले, आणि केसरने ते सगळं ऐकून घेतलं.

कोंडाजी सहा महिन्यांचा झाला तेव्हा फाल्गुन लागला होता. कोतवालाने दवंडी दिली: अलिबागेहून देवी काढणारे येत आहेत, उद्या दुपारी सहा महिन्यांवरची सगळी मुलं पाटलाच्या पडवीत आणावीत.

केसरने सासूला विचारलं. मनुबाईने सांगितलं, ज्याचं मूल त्याला विचार. केसर कुंपण ओलांडून ठमीकडे गेली. ठमी बोंबील निवडत होती. तिने मान वर न करता नाही म्हटलं. तिची चार मुलं टोचली तेव्हा काही झालं नाही, पण कोकिळेचा हात अजून पुरता वर होत नव्हता. तेव्हाच तिने कानाला खडा लावला होता, यापुढे घरातल्या पोराला सुई लावू द्यायची नाही. कोंडाजी घरातलाच होता.

संध्याकाळी दादू मिठागरावरून आला. जेवण झाल्यावर केसरने विषय काढला. दादूने हात धुतले आणि म्हणाला की ठमीवयनीच्या मनाविरुद्ध काही केलं तर सौदा मोडतो, आणि सौदा मोडल्यावर पोराला काही झालं तर आई आयुष्यभर बोलेल. शिवाय हे बायकांचं काम, बायकांनीच निस्तरावं.

केसरने चोरून नेण्याचाही विचार केला. पाटलाची पडवी हाकेवर होती. पण नेलं आणि ताप चढला, तर पुन्हा तिच्याच हाताने झालेलं असणार. नाही नेलं आणि देवी आल्या, तरीही तिच्याच हाताने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी नेहमीच्या वेळी आली. पोराला पायांवर उताणं घेऊन तिने बेंबीवर तेलाची धार सोडली. केसर हंड्याजवळ उभी होती.

"वयनी, गोदू माहेरी गेली नव्हती."

ठमीचा हात थांबला नाही. "कवा?"

"देवीवाला आला व्हता तवा. घरातच व्हती. मी कणगीत लपवली व्हती."

ठमीने तांब्या उचलला, पोराच्या छातीवर पाणी घातलं, मग तांब्या खाली ठेवला.

"तुज्या कोकिळेचा हात बघितला व्हता," केसर म्हणाली. "म्हणून लपवली. दृष्ट न्हाय आन् काय न्हाय. माज्या हातानं झालं. आता तूबी तसंच करणार आसशील तर कोंडा कशापायी दिलास?"

पडवीत मनुबाई तांदूळ पाखडत होती. तो आवाज थांबला होता.

ठमीने पोराला पालथं केलं, पाठीवर पाणी घातलं, फडक्यात गुंडाळलं आणि धुरी दिली. त्यातलं काही तिने घाईने उरकलं नाही. मग म्हणाली, "कोकिळेला वीस दिस ताप व्हता. मी मोजले."

"पण ती हाय."

"हाय," ठमी म्हणाली. मग तिने विचारलं, "याचं टोपडं कुठं हाय? उनाचं न्यायचं तर डोकं झाकाया लागंल."

पाटलाच्या पडवीत ठमीनेच पोर मांडीवर घेतलं. देवीवाल्याने मूल कोणाचं विचारलं. माझं, ती म्हणाली. त्याने यादीवरून बोट फिरवलं, तिथे दादूचं नाव होतं. दादूचंच, ठमी म्हणाली, पण माझं. बाया हसल्या, पाटलाने कोंड्याची हकिकत सांगितली, आणि देवीवाल्याने यादीत होतं तेच ठेवून खूण केली. दोन्ही दंडांवर दोन-दोन ठिकाणी त्याने टोचलं. कोंडाजी तिसऱ्या ठिकाणी रडला. दंडाला पाणी, तेल, शेण, काही लावायचं नाही, खपली धरेपर्यंत अंघोळ घालायची नाही, आठ दिवसांनी पुन्हा दाखवायचं, एवढं सांगून त्याने पुढचं मूल बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणगी जागेवर नव्हती. तिच्या कामट्या मोडून न्हाणीच्या चुलीजवळ रचलेल्या होत्या. मनुबाई त्यातलीच एक चुलीत सारत होती.

अंघोळ बंद झाल्यावर ठमीला काम उरलं नाही. तरी ती वेळेवर येई, ओट्यावर बसे, चुलीला धूर फार होतो म्हणे आणि उठून जाई. पाचव्या दिवशी पोराला ताप चढला. दंड लाल झाले, फोड टरारले. सहाव्या दिवशीही ताप होता. पोर खाली ठेवलं की रडे, म्हणून केसरने ते दोन दिवस मांडीवरून उतरवलंच नाही. त्याच्या झबल्याची बाही कापून टाकली, ओल्या फडक्याने अंग पुसलं, घोट-घोट दूध पाजलं, एका हाताने भाकऱ्या थापल्या. आपला हात थरथरतो की नाही हे बघायला तिला फुरसत झाली नाही. ठमीने पोराच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली की कोकिळेचा ताप यापेक्षा जास्त होता. तिच्याकडून धीर म्हणून एवढंच येणार होतं.

सातव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी देवीवाल्याने दंड पाहिले आणि चारही देवी उठल्या आहेत, टोचणं लागू पडलं असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात खपल्या वाळल्या.

त्या सकाळी केसरने ठमीची वाट पाहिली नाही. उरलेल्या कामट्या चुलीत सारल्या, हंडा तापवला, न्हाणीच्या दगडावर बसली आणि पाय लांब करून पोराला त्यांवर घेतलं. ठमी आली तेव्हा केसर तेल लावत होती. ठमी दारात थांबली. मग पुढे येऊन तिने पाण्यात बोट घातलं.

"लई कढत हाय," ती म्हणाली आणि गार पाणी मिसळलं. केसरच्या शेजारी बसून तिने तांब्या भरला. "तू मान धर. मी पाणी घालते."

केसरने डाव्या हाताने मान धरली. ठमीने पाण्याची धार धरली, दंड टाळून.

"कोंडा जावळालाच घीन हां," ती म्हणाली. "त्याच्या आधी न्हाय."

"कोंडा म्हशीनं त्याच दिशी खाल्ला," मनुबाई आतून म्हणाली.

"मंग तवा नवा दे. पर सूप माजं हाय, सहा म्हैने झाले."

मनुबाईने सूप आणून ओट्यावर ठेवलं. त्याची एक कड कुरतडलेली होती. ठमीने ती पाहिली, उंदीर का, असं विचारलं, आणि उत्तर न ऐकता दुसरा तांब्या भरला.