आडवी ठेवायची कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. काठाचा टवका उडाला आहे आणि पोटात आता नुसती माती आहे. पूर्वी तसं नव्हतं.

कुंभाराने मला चाकावरून उतरवून भट्टीत भाजलं आणि एका शिंप्याने घरी आणून माझ्यात नर्गिसाचे कंद लावले. जुन्या वळणाचं फूल ते. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळी वाटी. हल्ली मोठ्या, भडक फुलांची चलती आहे, पण वासाच्या नावाने शंख. वसंतात आमची फुलं उमलली की माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक वास घेत उभं राहायचं. शिंपी म्हणायचा, "अहो, छाती फुगवू नका, सदरा ढगळ होईल."

फुलं सरून पानं पिवळी पडली की तो मला शिलाई मशीनखाली, दोन विटांच्या बेचक्यात आडवी ठेवायचा, म्हणजे चुकूनही कुणी पाणी घालू नये. कंद उन्हाळाभर कोरड्यात झोपतात. तेव्हा भिजले तर कुजतात. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

एका उन्हाळ्यात तो मशीनवरच कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. सुनेने त्याची खाट खिडकीशी टाकली. केर काढताना तिला मी दिसले. बिचारी कलंडली आहे, असं वाटून तिने मला खिडकीत उभी केली आणि तांब्याभर पाणी घातलं. "फुलं आली की तुमच्या उशाशी ठेवते, बाबा," ती म्हणाली.

त्याने डावा हात उचलला आणि तळवा आडवा केला. पुन्हा पुन्हा केला. तिला वाटलं, बाबांना कूस बदलायची आहे. तिने हळुवारपणे त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं.

रोज असंच चाललं. मला पाणी, त्याला भिंत. माझ्या पोटात कंद मऊ पडत गेले आणि मला काही करता आलं नाही. पुढे त्याने हात उचलणंच सोडलं.

वसंत आला, पण कोंब आला नाही. सुनेने बोट खुपसलं तर कुजका लगदा हाताला लागला. "एक दिवस चुकवला नव्हता हो, बाबा," म्हणत ती रडली. त्याने डाव्या हाताने तिचं बोट पुसलं. त्याच आठवड्यात तो गेला.

नंतर मशीनखालच्या विटा काढताना तिला त्यांच्या कडा झिजलेल्या दिसल्या. माझ्या पोटावरही तसेच दोन चरे होते. तिने मला विटांवर आडवी टेकवली. मी अचूक बसले. तिने स्वतःचा तळवा आडवा करून पाहिला आणि मग ती जमिनीवरच बसली.

मित्रांनो, पाणी घालण्याआधी तहान आहे का, ते बघा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या हाताकडे जरा जास्त वेळ बघा.

सून अजून दर उन्हाळ्यात मला विटांवर आडवी ठेवते. माझ्यात काहीच नाही, तरी ठेवते.