भिंतीवरची आगाऊ डबी

गेल्या वर्षी आमच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मृदुला पन्ह्याच्या पातेल्यावर पडली. पातेल्यात नाही, पातेल्यावर. पण पन्हं सगळं सांडलं, आणि तिला वारा घालायला धावलेल्या दोघी त्यात घसरल्या. एप्रिलचा शेवटचा आठवडा, झाशीचं त्रेचाळीस डिग्री ऊन, वीस बायका रेशमी साड्यांत, आणि मध्ये एक कूलर, जो वारा कमी आणि डास जास्त देतो. दुसरं काय होणार?

त्या गोंधळात माझी धाकटी जाऊ लीला उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "इंदूवहिनी, पुढच्या वर्षी गौर माझ्याकडे. माझ्याकडे तीन एसी आहेत."

गौर म्हणजे आमच्या सासूबाईंची. वीतभर उंचीची, पितळेची, घासून घासून नाक जरा बसकं झालेली. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मोठी सून म्हणून ती माझ्या हातात आली. सासूबाई काही देण्याच्या स्वभावाच्या नव्हत्या. त्यांनी मला उभ्या जन्मात दोनच गोष्टी दिल्या, एक ही गौर आणि दुसरा त्यांचा थोरला मुलगा, आणि दोन्हींबरोबर सूचनांची यादी दिली. त्यातली मी गौरीचीच पाळली. एकावन्न वर्षं मी चैत्रात तिला झोपाळ्यात बसवते, पुढे आरास करते, आणि झाशीतल्या उरल्यासुरल्या मराठी बायकांना बोलावून आंब्याची डाळ खाऊ घालते. ती गौर कानपूर रोडच्या कॉलनीत, लीलाच्या तीन एसींखाली जाणार?

मी म्हटलं, "एक वर्ष दे."

"दिलं. साडेपाचला सुरू करा. साडेसहापर्यंत बायका बसून राहिल्या तर गौर तुमची. त्याआधी उठून पळाल्या तर मी त्याच दिवशी तिला पिशवीत घालून नेणार." वीस साक्षीदार होते. मृदुला तर आडवी पडल्या पडल्या मान हलवत होती.

पूर्वी उन्हाळा कमी होता असं लोक सांगतात. खोटं आहे. मी लग्न होऊन खंडेराव गेटच्या घरात आले तेव्हाही असाच भाजायचा. पण तेव्हा दारांना वाळ्याचे पडदे होते, आणि त्यांच्यावर पाणी मारायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. हळदीकुंकू बायकांचं, पुरुषांना आत मज्जाव. पण पाणी मारणाऱ्याला ओल्या पडद्यातून सगळं दिसायचं. यज्ञेश्वररावांनी इतकं मन लावून काम पुढे ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात एकतीस वर्षांत केलं नसेल.

आता वाळा गेला, घर बदललं. मुलानं, मंदारनं, गेल्या दिवाळीत भोपाळहून येऊन हॉलमध्ये एसी बसवून दिला. पण त्याचा रिमोट हे आपल्या बनियनच्या खणात ठेवतात. अठ्ठावीसच्या खाली आणायचा नाही असा हुकूम. "मशीनवर लोड येतो," म्हणतात. मशीनवर. बायकोवर पन्नास वर्षं आलेला लोड कोणी मोजला नाही.

उपाय काढला नात स्वरदानं. ती इथे इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडे राहते. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र खिचडी. "आजी, स्मार्ट थर्मोस्टॅट लगवा लेते हैं. भिंतीवर बसतो. त्याला नुसतं सांगायचं, तोच एसीला सांभाळतो. रिमोटची गरजच नाही. आजोबा को बनियन मुबारक."

थर्मोस्टॅट शब्द ऐकून हे खुर्चीतून उठले. दुपारभर आम्हाला थर्मोस्टॅट समजावून सांगितला. नको म्हणतील असं वाटलं होतं, पण आपल्या ओळखीचा शब्द घरात राहायला येतोय म्हटल्यावर पाघळले.

लक्ष्मी गेटच्या दुकानातून डबी आली. पेढ्याच्या खोक्याएवढी, पांढरी, मध्ये आकडा चमकणारी. बसवायला आले खरे नावाचे गृहस्थ. खरे म्हणताच मी मराठीत सुरू झाले. "या, बसा. मूळचे कुठले तुम्ही? सागरचे खरे तुमचे कोण?"

ते टोपी सावरत म्हणाले, "अम्मा, हम तो कायस्थ आंय. मराठी नईं आत."

या गावात हे माझं तिसऱ्यांदा झालं. आमच्यातही खरे आणि बुंदेलखंडी कायस्थांतही खरे. एकदा तर मी एका खऱ्यांकडे आमच्या आतेबहिणीचं स्थळ घेऊन गेले होते.

खरेजी दाराजवळच्या भिंतीला भोक पाडणार तोच हे ओरडले, "तिथे नाही! दार उघडलं की गरम हवा थेट त्यावर. चुकीचं तापमान वाचेल. भैया, वहाँ नहीं, अंदर की दीवार पर."

"बाऊजी, इतै वायर पास है."

"वायर पास है तो क्या थर्मोस्टॅट वायर का बुखार नापेगा?"

शेवटी ह्यांच्या मर्जीप्रमाणे डबी आतल्या भिंतीवर बसली. त्या भिंतीखाली माझा वाढपाचा लाकडी बाक असतो. हे शास्त्रानुसार बरोबर होते. हळदीकुंकवानुसार काय झालं ते पुढे सांगते.

खरेजींनी विचारलं, कौन भाषा? मी म्हटलं, मराठी. त्यांनी यादी वर केली, खाली केली. "मराठी ईमें नइयां." मग हिंदी. स्वरदा म्हणाली, आधी तिला नावानं हाक मारायची, "मौसमजी". मी म्हटलं, मी माझ्या नवऱ्याला पन्नास वर्षांत नावानं हाक मारली नाही, या डबीला जी लावून मारू? ती हसली आणि मोबाईलवर काहीतरी दाबून म्हणाली, "ठीक आहे, नाव काढून टाकलं. आता जो कुणी बोलेल त्याचं ती ऐकेल."

खरेजींनी शब्द शिकवले. "कम" म्हटलं की गारवा कमी. "पूरा" म्हटलं की पूरी ठंडक, सोळा डिग्री, पंधरा मिनिटं, मग आपोआप सव्वीसवर. "बस" म्हटलं की लगेच सव्वीस. त्यांनी बोलून दाखवलं. डबीतून बाईचा गोड आवाज आला, "जी, पूरी ठंडक," आणि एसी घोंघावला. ह्यांनी ताबडतोब "बस" म्हटलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी बाहेर त्रेचाळीसच. ह्यांना मी कूलरसकट मागच्या खोलीत घातलं. तेवीस बायका आल्या, तीन जास्तच, कारण लीलानं पैजेची बातमी सगळीकडे पोचवली होती. ती स्वतः जांभळी रेशमी साडी नेसून दाराशी बसली. मांडीवर घडी केलेली कापडी पिशवी. रिकामी.

सव्वीस डिग्री बरं असतं, पण तेवीस बायकांना नाही. पदर हलायला लागले. मृदुला पातेल्यापासून लांब बसली होती, पण चेहरा गेल्या वर्षीचाच. मी घाईघाईनं वाढायला घेतलं.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. वाटीत डाळ वाढली की घेणारीनं "पुरे" म्हणायचं. ते खरं समजायचं नाही. आणखी एक पळी घालायची. मग तिनं "पुरे पुरे" म्हणायचं. तेही खरं नाही. तिसऱ्यांदा वाटीवर हात धरून "अहो पुरे हो, खरंच पुरे!" म्हणाली की थांबायचं. याला आग्रह म्हणतात. जी पहिल्याच "पुरे"ला थांबते तिच्याबद्दल घरी जाऊन बोलतात.

पहिल्या दोघी-तिघींना वाढेपर्यंत एसी घुमायला लागला. पाचव्या बाईपर्यंत खोली अशी गार झाली की सगळ्या बायकांनी एकदम "आहाहा" केलं. दहाव्याला मृदुलेच्या गालावर रंग आला. मला वाटलं, डबीला गर्दी कळली. स्मार्ट आहे. बायका इतक्या खुशीत आल्या की तिसऱ्या "पुरे"नंतरही वाट्या पुढे यायला लागल्या. गारव्यात भूक लागते.

मग शेजारच्या मिश्राइन चाचींना वाढलं. त्या म्हणाल्या, "बस बस, इंदूजी." एसी गप्प झाला. त्यांच्या पलीकडे आमच्या गल्लीतल्या केयूरची आई. "पुरे हो!" एसी घुम्म. मी पळी हातात धरून उभी राहिले.

स्वयंपाकघरात जाऊन स्वरदाला विचारलं. तिनं मोबाईल उघडला आणि ओट्याला टेकून हसत सुटली. "आजी, हे बघ, डबीनं काय काय ऐकलं त्याची लिस्ट. पाच बेचाळीस, पूरे. पाच बेचाळीस, पूरे, पूरे. पाच त्रेचाळीस, पूरे. आजी, एकसष्ट बार! तुमचं पुरे म्हणजे इनफ, उसका पूरे यानी फुल!"

"कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं.

सहाला बायका पाय वर घेऊन बसल्या होत्या. दोघी माझ्या दुलईत होत्या. कुणीतरी पन्ह्याऐवजी चहा मागितला, एप्रिलात, झाशीत. मी झोपाळ्यातल्या गौरीकडे पाहून जरा मान उडवली. सासूबाई बघत असतील तर बघोत.

पण सहा वाजता वाढप संपलं. आणि वाढप संपलं म्हणजे "पुरे" संपलं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा सव्वासहा झाले होते आणि डबीवरचा आकडा परत सव्वीस दाखवत होता. तेवीस बायका, दोन केटल्या चहा. सहा अठराला दुलई बाजूला पडली. सहा वीसला पदर हलले. मृदुलेनं चप्पल कुठे आहे ते बघून ठेवलं. लीलानं पिशवीची घडी उलगडली.

तुम्ही म्हणाल, बाई, मग तूच म्हण ना "पुरे". नाही. यजमानीणबाईनं स्वतःच्या हळदीकुंकवात "पुरे" म्हणायचं नसतं. एकावन्न वर्षांत मी म्हटलेलं नाही. जी म्हणते तिच्याकडे डाळ संपली असं समजतात. "पूरा" असं शुद्ध हिंदीत म्हणावं, तर ते कळायला मला दुसरा दिवस उजाडला. स्वरदाला सांगावं, तर ती चहाला आणखी दूध आणायला बाहेर गेली होती. माणसाला वेळेवर आपलीच भाषा सुचते.

कोण उरली होती जिनं अजून खाल्लं नव्हतं? लीला. मुद्दाम. माझ्या घरची डाळ खाऊन पिशवी भरायला तिला जड गेलं असतं. मी पातेलं उचललं आणि तिच्यासमोर जाऊन बसले.

"लीला, घे."

तिनं नुसता हात वाटीवर ठेवला. तोंडातून शब्द नाही. मी एक पळी हातावरच वाढली.

बायका गप्प झाल्या. लीला हाताकडे बघतच राहिली. "वहिनी!"

"घे गं, लाजू नको." दुसरी पळी.

"वहिनी, साडी!"

"नवीन आहे वाटतं? छान आहे." तिसरी पळी. डाळ मनगटावरून बांगड्यांत गेली.

"अहो पुरे!" लीला किंचाळली. "पुरे! पुरे म्हटलं ना! पुरे झाला तुमचा आग्रह!"

इतका वेळ कलकलाटात बुडालेला डबीचा आवाज शांत खोलीत सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. "जी, पूरी ठंडक." आणि एसी असा सुटला की झोपाळ्यातली गौर हलली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मृदुला हळूच म्हणाली, "पुरे?" डबी म्हणाली, "जी, पूरी ठंडक." मग काय विचारता. तेवीस बायका एकदम "पुरे पुरे" करायला लागल्या. सई आजी, नव्वद वर्षांच्या, ऐकू येत नाही, त्याही टाळ्या वाजवत ओरडत होत्या. मागच्या खोलीतून हे दार फटीएवढं उघडून विचारत होते, "काय झालं? लोड वाढला का?" मिश्राइन चाची "बस, बस" म्हणायला गेल्या तर त्यांच्या तोंडावर दोघींनी हात ठेवला.

साडेसहा वाजून गेले. पावणेसात झाले. कुणी उठेना.

लीला मोरीवर हात धुवायला गेली. मी मागोमाग टॉवेल घेऊन गेले. साडीवर डाळीचा पिवळट डाग पडला होता, आणि मला पहिल्यांदा जरा वाईट वाटलं. लग्न होऊन आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. सासूबाईंनी तिला काहीच दिलं नव्हतं. गौर नाही, थोरला मुलगा नाही, सूचनासुद्धा नाहीत. धाकट्या सुनेला सूचना द्यायच्याही लायकीची धरत नसत त्या. तीन एसी तिनं स्वतःचे स्वतः आणले होते.

तिनं बोटावर राहिलेली डाळ चाटली. "कैरी कमी आहे," म्हणाली.

"कमी नाही."

"कमी आहे. सासूबाई जास्त घालायच्या." तिनं टॉवेल माझ्या हातातून ओढून घेतला. "गौर राहू दे तुमच्याकडे. पैज म्हणजे पैज. पण पुढच्या वर्षी डाळ मी करणार, आणि वाढणार पण मीच. तुम्ही बसायचं बायकांत."

"मी बसून काय करू?"

"खायचं," लीला म्हणाली. "आणि मी थांबेपर्यंत पुरे म्हणायचं. बघू मी कधी थांबते ते."

मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी बाहेर आलो, तिनं पिशवीत स्वतःच डाळीचा डबा भरून घेतला, आणि मी आतून तिच्यासाठी एक शाल शोधून आणली.