बेशरम आणली आहे, रुखमाला पाठवावे

मित्रांनो, नाव सांगितले की तुम्ही हसणार, म्हणून आधीच हसून घ्या. मी एक जुनी बेशरम आहे. हो, तीच. तळ्याच्या काठाने, रस्त्याकडेच्या नालीत, शाळेच्या मागे जी बारा महिने हिरवीगार उभी असते आणि जिची जांभळट फुले कोणी देवाला वाहत नाही, ती. माझी काडी जमिनीत खोचली तर जगते, आणि कापून फेकली तर जिथे पडते तिथेही जगते. गुरे मला तोंड लावत नाहीत. एवढ्या गुणांसाठी दुसऱ्या कुणाचे कौतुक झाले असते. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या लोकांनी मला बेशरम म्हटले. गुरुजींना मात्र माझी आठवण रोज यायची. पाढे चुकले की माझीच काडी! त्या पापात माझा वाटा नाही, एवढे ध्यानात ठेवा.

मी कोंढ्याच्या गोमाजीच्या परसात वाढले. ही १९७४ सालची गोष्ट. गोमाजीचे घर खाऊनपिऊन सुखी. तळ्याखालची धानाची बांधी होती, बैलजोडी होती, टेकचंद नावाचा एकुलता एक मुलगा होता. नव्हता तो फक्त आडोसा. घरामागे एक सपाट दगड मांडला होता, तीच त्यांची न्हाणी. आणि त्या न्हाणीला खेटून तळ्याकडे जाणारी पायवाट! सकाळी अर्धे गाव तिथून जायचे. जाणारा माणूस बिचारा चांगल्या मनानेच विचारायचा, "काय मंग, अंघोळ चालू हाय का?"

त्या वैशाखात टेकचंदचे लग्न झाले आणि आंबागडची रुखमा सून म्हणून घरात आली. तिच्या बापाच्या घरी न्हाणीला छातीएवढी दगडी भिंत होती. इथे तिने वैशाख, जेठ, आखाड असे तीन महिने कसेबसे काढले. श्रावणात राखीला माहेरी गेली ती परतच येईना. टेकचंद आणायला गेला आणि एकटाच परत आला.

"ते म्हनते, आडोसा करा, मंगच येईन," त्याने मान खाली घालून सांगितले.

"आडोसा कायले पायजे?" गोमाजी कडाडला. "अठी कोन पाहाले बसलं हाय?"

गोमाजीची बायको बेबीबाई तांदूळ निवडत होती. ती खडे वेचतच राहिली.

पण टेकचंदचे तोंड उतरले ते उतरलेच. पानावर बसायचा आणि भात चिवडून उठायचा. शेवटी गोमाजीने हार खाल्ली. आधी मेंदीची रोपे आणली. ती आठ दिवसांत गावच्या शेळ्यांनी खाल्ली आणि शेळ्या रोज नेमाने दारात येऊ लागल्या. मग पवनीहून अशोकाची दहा रोपे आली. अशोक मोठ्या घरचा, ऐटीत उभा राहिला, पण वाढायचे नाव नाही. टेकचंद रोज सकाळी त्याला वितीने मोजायचा. दसऱ्यापर्यंत अशोक त्याच्या गुडघ्याला लागला. त्या चालीने आडोसा होईतो रुखमाचे केस पिकले असते.

तेव्हा शेजारच्या तुळसाने कुंपणावरून तोंड घातले. "बेशरम लावा ना जी, काका. माह्या वाडीत लय हाय."

"माह्या दारात बेशरम? लोकं काय म्हनतील?"

"लोकं आता काय म्हनून राहिले, ते आयकलं का? गोमाजीची सून पळाली म्हनतात."

गोमाजी घरात गेला आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. अशा रीतीने मी त्या घरात आले.

मित्रांनो, मला लावायची रीत सोपी आहे, पण रीत आहे. बोटाएवढ्या जाड, कमरेइतक्या लांब काड्या घ्यायच्या. एक वीत अंतरावर तिरप्या खोचायच्या. दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या फटींसमोर लावायची. न्हाणीचे पाणी मुळाशी वळवायचे. आणि शेंडा वर गेला की छाटायचा, म्हणजे मी बुडापासून भरते. नुसतीच वर जाऊ दिली तर खाली पाय उघडे राहतात, आणि आडोशाला तेच चालत नाही. टेकचंदने हे सारे मन लावून केले. छाटता छाटता तो हळूच म्हणायचा, "वाढ न माय, लवकर वाढ." मला आजवर कुणी माय म्हटले नव्हते. मी वाढले. संक्रांतीपर्यंत गोमाजीच्या पागोट्याच्या वर गेले.

मग बापलेकांनी ओट्यावर बसून आंबागडला पोस्टकार्ड लिहिले. गोमाजी सांगे, टेकचंद लिही. कार्डावर जागा थोडी आणि टेकचंदला आनंद फार. त्यात आमच्या कोंढ्यात मला कोणी झाड म्हणत नाही, नुसते बेशरम म्हणतात. ते कार्ड असे होते:

"व्याही सोमाजी यांस गोमाजीचा रामराम. रुखमाची अडचण समजली. तिच्यापायी आम्ही दसऱ्यानंतर घरी बेशरम आणली आहे. आणली तेव्हा काडी होती, आता चांगली भरली. टेकचंद सकाळ-संध्याकाळ तिच्याजवळच असतो. घरची लाज आता तीच राखणार. तरी रुखमाला पाठवावे."

आंबागडच्या डोंगराकडे माझी जात तेव्हा पोचली नव्हती. तिकडे बेशरम म्हणजे बेशरमच! पोस्टमनने ते कार्ड चार माणसांत मोठ्याने वाचून दाखवले. सोमाजीने ते दोनदा वाचायला लावले. हे सगळे मला पुढे रुखमाच्या तोंडून कळले.

तिसऱ्या दिवशी भरउन्हात सोमाजी दारात उभा. हातात लाठी, मागे रुखमा. तिने गाठोडे छातीशी घट्ट धरले होते आणि ती टेकचंदकडे बघतसुद्धा नव्हती. नवरा आपला राहिला की गेला, एवढेच तिला पाहायचे होते.

"कुठी हाय ते?" सोमाजीने विचारले.

"या इवाईजी, बसा तं खरं," गोमाजी हरखून म्हणाला. "कोन, बेशरम का? घरामागं उभी हाय."

"उभी हाय! आन् आनली कुठून?"

"तुळसानं देली. तिच्या घरी लय हाय. फुकट देली."

कुंपणापलीकडे तुळसा बोरे वाळत घालत होती. सोमाजीने तिच्याकडे असे पाहिले की तिच्या हातातले सूप खाली आले.

"आन् टेकचंद दिवसभर तिच्यापाशी?"

"मंग! त्याच्याच हातानं भरली ते. दर वीस दिवसानं कापा लागते तिले, नाई तं तळ्यात जाते."

सोमाजीची लाठी वर गेली. टेकचंद एकाएकी पांढराफटक पडला. कार्डावर आपण काय लिहिले याचा उजेड त्याच्या डोक्यात आता कुठे पडला होता. "मामाजी, झाड! झाड हाय ते!" तो ओरडला आणि सासऱ्याचा हात धरून त्याला घरामागे ओढतच घेऊन आला.

सोमाजी माझ्यापुढे उभा राहिला. मी फुलांवर होते. बराच वेळ त्याने मला वरून खाली न्याहाळले. "हे बेशरम?" त्याने विचारले. "हेच," टेकचंद म्हणाला. मग आधी तुळसा हसली, मग सोमाजी एवढा हसला की त्याला लाठीवर रेलावे लागले.

रुखमा हसली नाही. तिचा प्रश्न अजून सुटला नव्हता. ती माझ्यामागे आली, दगडावर बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमी वाटेवर जाऊन पाहा बरं. मी दिसून राहिली का?"

बेबीबाई वाटेवर गेली. उभी राहून, वाकून, टाचा उंचावून पाहिले. "काई दिसत नाई, बाई."

"पलीकडून?"

"तठूनबी नाई."

रुखमाने कोपऱ्यात बोट ठेवले. "अठी एक काडी कमी हाय." टेकचंद धावत जाऊन काडी घेऊन आला आणि तिथल्या तिथे खोचली. तेव्हा रुखमा उठली आणि गाठोडे घेऊन घरात गेली. सोमाजीने लाठी भिंतीला टेकवली. मला तर नाचावेसे वाटले, पण मुळे सुटत नाहीत.

जेवणाची पाने वाढली, पाहुणे बसले, आणि बेबीबाई कुठे दिसेना. गोमाजी हाका मारत घरामागे आला.

"न्हाऊन राहिली मी," माझ्यामागून आवाज आला.

"भरदुपारी? सकाळी न्हाली नवती का?"

"न्हाली होती."

मित्रांनो, तीस वर्षे बेबीबाई पहाटेच्या अंधारात, अंगावरच्या लुगड्यासकट दोन तांबे पाणी ओतून घेत होती आणि त्याला अंघोळ म्हणत होती. त्या दुपारी तिने लुगडे माझ्या फांद्यांवर टाकले. गुंडभर, म्हणजे घागरभर पाणी घेतले, मग आणखी एक गुंड. पाठीवर ऊन घेत ती नुसती बसून राहिली. तिकडे वरण थंड होत होते आणि मी माझी पाने जमतील तेवढी जवळ धरून उभी होते.

गोमाजी वाटेकडे तोंड करून उभा राहिला. एकदा खाकरला. मग हळूच म्हणाला, "एवढे वर्स काहून बोलली नाई?"

"तुमी इचारलं कवा?" बेबीबाई म्हणाली आणि तिने तांब्या पुन्हा भरला.

पुढे ऐंशी सालाच्या सुमारास तिथे विटांची, टिनाच्या दाराची न्हाणी झाली. माझी छाटणी थांबली. मी वेडीवाकडी वाढले, तळ्याच्या पाण्यात पाय घातले, शिव्या खाल्ल्या. त्यात चूक माझीही आहे, पण थोडीच. म्हणून हात जोडून सांगते, मला लावाल तर दर वीस दिवसांनी छाटा, छाटलेली काडी पाण्यात टाकू नका, आणि गरज संपली तर मुळासकट काढा, मी रागावणार नाही. तोवर मात्र तुमच्या घरात जी कधी काही मागत नाही, तिला आजच जाऊन विचारा.