आतला खिसा

टाचणीकाकू दोन दिवस तापाने आडव्या काय पडल्या, पोरांनी नसता उपद्व्याप करून ठेवला! काकू बालगृहात शिवण शिकवायच्या. तोंडात कायम टाचण्या, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. लोकांच्या देणग्यांवर किती दिवस काढायचे, घराने आपल्या पायावर उभं राहावं, असा त्यांचा एकच धोशा. शेवटी संचालकांनी कंटाळून धान्याची खोली रिकामी करून दिली आणि तिथे सहा मशिनं बसली. पण जाता जाता बजावलंच, "पहिली ऑर्डर पसंत पडली तर खोली तुमची. नाहीतर पुन्हा पोती."

पहिली ऑर्डर बेकरीची. चाळीस एप्रन, समोर एक खिसा, बस्स. आणि आज बेकरीवाले अंगणात येऊन ठेपले, तेव्हा घड्या घालणाऱ्या काकूंच्या बोटांना एप्रनच्या आत दुसरा खिसा लागला. वर बटणसुद्धा! त्यांनी भराभर बाकीचे उलटे केले. चाळीसच्या चाळीस! काकूंच्या तोंडचं पाणीच पळालं.

"ही अक्कल कुणाची?"

पोरं एकमेकांच्या मागे दडायला लागली. शेवटी चिमणी पुढे झाली. तेरा वर्षांची, अंगाने एवढीशी, पण काजं करण्यात एक नंबर.

"माझी. बाहेरचा खिसा बेकरीचा ना, काकू? मग तिथे काम करणाऱ्या बायकांचा कुठला?"

काकूंना एकदम भरून आलं. या घरात कपाट सगळ्यांचं, साबण सगळ्यांचा, पांघरूणही हाताला येईल ते. रागवायचं तरी कुठल्या तोंडाने?

तेवढ्यात बेकरीवाले आत आलेच. सोबत पीठ मळणाऱ्या मावशी होत्या. बेकरीवाल्यांनी शिवण ओढून पाहिली, एप्रन उलटा केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे मी सांगितलं नव्हतं."

"उसवून देते," काकू घाईघाईने म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत सगळे."

"थांबा हो जरा!" मावशींनी एक एप्रन अंगावर चढवला, बोटातली अंगठी काढली, आतल्या खिशात टाकली आणि बटण लावलं. "मळताना रोज काढून ठेवावी लागते. दिवसभर जीव टांगणीला. उसवाल तर माझ्याशी गाठ आहे!"

बेकरीवाले आधी मावशींकडे बघत राहिले, मग खो खो हसत सुटले. "आता माझं काय चालणार? बरं, अजून साठ करा. आतल्या खिशासकट."

दारात उभे असलेले संचालक खाकरले. "धान्याची पोती माझ्या खोलीत ठेवावीत म्हणतो."

मग काय, नुसता दंगा! काकूंनी उरलेल्या कापडाचा गठ्ठा टेबलावर ओतला. "साठांचं उद्या बघू. आज ज्याने त्याने कमरेला बांधायचा खिसा शिवायचा. स्वतःसाठी. वर नाव घालून."

सगळ्यात आधी चिमणीचा झाला. कमरेला बांधून, बटण लावून ती ऐटीत खोलीभर फिरली.

"काय गं, काय ठेवलंस आत?" काकूंनी विचारलं.

"अजून काहीच नाही," ती म्हणाली, "पण विचारल्याशिवाय उघडायचा नाही हं!"